आकडे दोघांचेही खरे आहेत, ताई

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख वगळून त्याचा गोषवारा असा. पंचवीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या आणि आता मध्य न्यू जर्सीत राहतात. थोरले बंधू पेनसिल्व्हेनियात, दीड तासाच्या अंतरावर असतात. त्यांची स्वतःची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. बंधू पक्के रिपब्लिकन आणि रेगन यांचे चाहते, तर पती तितकेच पक्के डेमोक्रॅट. गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना ओबामांची कारकीर्द चांगली की ट्रम्प यांची, यावरून दोघांचे जुंपले. ओघात क्लिंटन, बुश, रेगन सगळेच आले, एका पेपर नॅपकिनवर आकडे लिहिले गेले आणि शेवटी बंधू न जेवताच निघून गेले. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. येत्या थँक्सगिव्हिंगच्या आधी ७८ वर्षांच्या आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. भगिनी विचारतात: "दोघेही इंजिनिअर आहेत, दोघांनाही आकडे कळतात. कोणाचे आकडे बरोबर आहेत ते तुम्ही एकदा निःपक्षपातीपणे सांगा, म्हणजे मी ते दोघांपुढे ठेवीन आणि हा विषय कायमचा मिटेल. आणि आईला हे आधी सांगावे का?" सोबत त्या नॅपकिनचा फोटो जोडलेला आहे.

प्रिय ताई,

फोटो मी मोठा करून पाहिला. डावीकडे दादांनी "१०.६ → १९.९" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि त्याखाली "३.५" हा आकडा आहे. उजवीकडे यजमानांचे "+२३६", मग "१०.० → ४.७" आणि अगदी तळाशी, पेनाचे टोक कागदातून आरपार गेलेले "१४.८". मधोमध चकलीच्या तेलाचा डाग. एकाही आकड्यापुढे वर्ष लिहिलेले नाही, ही त्या कागदावरची मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट.

तुम्हाला निकाल हवा आहे, म्हणून तो आधीच देऊन टाकते. सगळे आकडे बरोबर आहेत. त्यामुळे या निकालाचा तुम्हाला उपयोग नाही, हे पुढचे सगळे वाचण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

दादांचा पहिला आकडा राष्ट्रीय कर्जाचा. ओबामांनी २० जानेवारी २००९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते सुमारे १०.६ ट्रिलियन डॉलर होते आणि २०१७ च्या जानेवारीत त्यांनी पद सोडले तेव्हा १९.९ ट्रिलियन. पण अमेरिकन सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे ओबामा आले तेव्हा २००९ च्या आर्थिक वर्षाचे साडेतीन महिने उलटून गेले होते. बँका वाचवण्यासाठीच्या ७०० बिलियन डॉलरच्या कायद्यावर आधीचे अध्यक्ष धाकटे बुश यांनी ऑक्टोबर २००८ मध्येच सही केली होती, आणि शपथविधीला दोन आठवडे बाकी असताना काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, अंदाजपत्रक कार्यालयाने त्या वर्षीची तूट १.२ ट्रिलियनवर जाईल, असे जाहीर केले होते. प्रत्यक्षात ती १.४ ट्रिलियन झाली. त्यात ओबामांनी फेब्रुवारीत सही केलेल्या ७८७ बिलियनच्या पॅकेजचाही वाटा होता. आता हे वर्ष कोणाच्या खात्यावर मांडायचे? दिवाळीला नवी वही पुजणारा व्यापारीसुद्धा जुन्या वहीतली बाकी पुढे ओढून घेतो आणि ती मागची आहे हे त्या ओळीत लिहून ठेवतो. (मी स्वतः कित्येक वर्षे ती सगळी १.४ ट्रिलियनची तूट बुश यांचीच, असे ठासून सांगत असे. एका जेवणात एका तरुण मुलीने महिने मोजून दाखवले तेव्हा गप्प बसले. सांगण्याचा हेतू एवढाच की, हा रोग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना होतो.)

शिवाय कर्ज दुप्पट होणे हाच गुन्हा धरायचा, तर दादांच्या रेगन यांच्या आठ वर्षांत ते एक ट्रिलियनच्या आतून निघून २.७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिपटीवर गेले. पटीने मोजले तर रेगन दोषी ठरतात, डॉलरांनी मोजले तर ओबामा. दरवर्षी किती भर पडली हे मोजले, तर चार वर्षांत १९.९ वरून २७.८ वर नेणारी ट्रम्प यांची पहिली कारकीर्द आणि तिथून ३६.२ वर नेणारी बायडन यांची कारकीर्द, या दोन्ही ओबामांना मागे टाकतात. पट्टी बदलली की आरोपी बदलतो.

यजमानांचे "+२३६" हेही तसेच. आर्थिक वर्ष २००० मध्ये सरकारच्या तिजोरीत खर्च भागवून २३६ बिलियन डॉलर उरले, आणि यजमान ते सगळे क्लिंटन यांच्या नावावर जमा करतात. १९९३ च्या करवाढीला एकाही रिपब्लिकनाने मत दिले नव्हते आणि सिनेटमध्ये तो कायदा उपाध्यक्ष गोर यांच्या एका मताने तरला, एवढे श्रेय क्लिंटन यांना द्यावेच लागेल. मात्र त्याआधी १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी, नवे कर लावणार नाही हे स्वतःचेच जाहीर वचन मोडून, तुटीवर तोडगा काढला होता आणि १९९२ ची निवडणूक हरताना त्याची किंमतही मोजली होती. १९९५ पासून काँग्रेस रिपब्लिकनांच्या हाती होती आणि १९९७ चा अंदाजपत्रकाचा करार दोन्ही पक्षांनी मिळून केला. त्यातच इंटरनेट कंपन्यांमुळे शेअर बाजार इतका उधळला होता की, नफ्यावरचा कर न मागता तिजोरीत येऊन पडत होता. आपल्यापैकी कितीतरी जणांना एच-वन या नोकरीच्या व्हिसावर इथे घेऊन आलेली लाट तीच. ती कोणत्या अध्यक्षाने आणली, असे विचारले तर मला तरी उत्तर देता येणार नाही.

उरले बेकारीचे आकडे. फेब्रुवारी २०२० मधला ३.५ टक्के हा दर खरा आणि एप्रिल २०२० मधला १४.८ टक्के हाही खरा. दोन्हींत अंतर दोन महिन्यांचे आणि मध्ये आलेली महासाथ. तसेच ऑक्टोबर २००९ चे १०.० टक्के आणि जानेवारी २०१७ चे ४.७ टक्के. इथे मात्र मला दोघांचेही कान धरावेसे वाटतात. यजमान म्हणतात की २००८ ची मंदी ओबामांना वारशात मिळाली, ती त्यांच्या खात्यावर घालू नका. आणि लगेच महासाथीतली बेकारी ट्रम्प यांच्या माथी मारतात. दादा कोविड वजा करून घेतात आणि २००८ वजा करू देत नाहीत. एका हाताने घेतलेली सवलत दुसऱ्याला नाकारायची नसते, एवढा नियम दोघांनी पाळला असता तर त्या नॅपकिनवरचे दोन आकडे तिथल्या तिथे खोडले गेले असते.

अध्यक्ष गादीवर असताना जे घडते ते त्याने घडवले, ही समजूत दोघांचीही आहे आणि, तुमच्या प्रश्नावरून दिसते की, थोडीशी तुमचीही आहे. १९८० मध्ये महागाई १३.५ टक्के होती आणि १९८३ मध्ये ती साडेतीन टक्क्यांच्या आत आली. दादांच्या हिशेबी हे रेगन यांचे कर्तृत्व. व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेऊन ती महागाई मोडून काढणारे फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना १९७९ मध्ये रेगन यांच्या आधीचे अध्यक्ष कार्टर यांनी नेमले होते, आणि त्या कडू औषधाने ज्यांचा राजकीय बळी गेला त्यांत कार्टर स्वतःच होते. पण म्हणून रेगन यांचे श्रेय शून्य होते का? १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, त्यांच्या पक्षाच्या जागा घटल्या, तरी त्यांनी व्होल्करना हटवले नाही, उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमले. एकाने औषध आणले, दुसऱ्याने ते मध्येच बंद होऊ दिले नाही. हे नॅपकिनवर कसे लिहिणार?

तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या दोन अर्थतज्ज्ञांनी याच विषयावर २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था सरासरीने वर्षाला १.८ टक्के-अंक अधिक वेगाने वाढली, असे त्यांना आढळले. हे वाक्य यजमान चौकटीत लावतील. पुढचे वाक्य असे की, या फरकाचा मोठा भाग तेलाच्या किमतीतले धक्के, उत्पादकतेतली वाढ असल्या गोष्टींतून आलेला आहे आणि चांगल्या धोरणांना त्याचे श्रेय देता येत नाही. ते दादा चौकटीत लावतील. ब्लाइंडर स्वतः क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर होते, तरी त्यांनी दुसरे वाक्य लिहिले.

शिकलेल्यांचे भांडण आकड्यांनी मिटते, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला नेमके उलटे दिसत आले आहे. आकड्यांत तरबेज असलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूचा आकडा लवकर सापडतो. राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी १९८८ च्या मतदार सर्वेक्षणातली एक गोष्ट दाखवून दिली आहे. रेगन यांच्या काळात महागाई खूपच उतरली होती, आणि तरीही ती वाढली की घटली असे विचारल्यावर कट्टर डेमोक्रॅटांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ती वाढली असे उत्तर दिले होते. बाजारात ही माणसेही जात होती, भाव त्यांनाही दिसत होते. पुढे इतर संशोधकांनी असेच प्रश्न विचारताना बरोबर उत्तराला थोडेसे पैसे देऊ केले, तेव्हा दोन पक्षांच्या उत्तरांतले अंतर बरेच कमी झाले. म्हणजे खरे काय ते पुष्कळांना आत कुठेतरी ठाऊक असते. बोलताना ते आपल्या संघाला टाळी देत असतात. फराळाच्या टेबलावर पाच-पाच डॉलरची पैज लावायला मी सांगितले तर आई रागावतील, तरी ही युक्ती चालते एवढे नोंदवून ठेवते.

इतिहासकारांच्या क्रमवारीचा आधार घ्यावा, असाही विचार तुमच्या मनात येईल. त्याही वाटेने फार पुढे जाता येत नाही. अध्यक्ष आयझेनहॉवर १९६२ च्या पाहणीत बाविसावे होते आणि सी-स्पॅन वाहिनीच्या २०२१ च्या पाहणीत पाचवे. मधल्या काळात त्यांनी काहीच केले नाही, ते १९६९ मध्येच वारले होते. आणि प्राध्यापक मंडळी डावीकडे झुकलेली असतात हा दादांचा ठरलेला आक्षेप असेल, तर तो अगदीच निराधार नाही.

आता तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानाकडे येते. तिथे, शेवटून चौथ्या ओळीत, तुम्ही जाता जाता लिहिले आहे की दादा म्हणाले, "सरकारच्या पैशावर आठ महिने घरी बसलेल्या माणसाने मला कर्जाचे धडे देऊ नयेत," आणि यजमान म्हणाले, "आणि तुझी टॅक्सची सवलत काय आकाशातून पडली?" तुम्ही हे अर्ध्या ओळीत उरकले आणि आकड्यांना दोन पाने दिलीत. माझ्या मते दादा उठून गेले ते या दोन वाक्यांवरून. तोवर नॅपकिनवर लिहिणे चालू होते, म्हणजे भांडण अजून गोडीतले होते.

यजमानांची नोकरी फेब्रुवारी २००९ मध्ये गेली, मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि ग्रीन कार्डचा अर्ज पडून होता, असे तुम्ही लिहिता. त्या वर्षीच्या पॅकेजमुळे त्यांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भार सरकारने उचलला. त्यांच्या लेखी ओबामा म्हणजे तो विम्याचा हप्ता. दादांच्या कंपनीला २०१७ च्या करकायद्यातून मालकाच्या उत्पन्नावर वीस टक्क्यांची वजावट मिळाली आणि त्यातून त्यांनी दोन माणसे नेमली. त्यांच्या लेखी ट्रम्प म्हणजे ती दोन माणसे. प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत जे आले त्यावरून अध्यक्ष जोखला, आणि मी हे चूक म्हणणार नाही. पण मग "तुझा अध्यक्ष वाईट" याचा अर्थ "तुझ्यावरची ती वेळ खोटी होती" असा ऐकू येतो, आणि दिवाळीत तो तसाच ऐकू आला.

दादांच्या वाक्यात वस्तुस्थितीचीही एक चूक आहे, तेवढी त्यांच्या कानावर घालता आली तर पाहा. न्यू जर्सीत बेकारी भत्त्याच्या निधीसाठी नोकरदाराच्या पगारातूनही कपात होते. मालकांबरोबर नोकरदारांकडूनही हे पैसे घेणारी राज्ये देशात अगदी मोजकी आहेत आणि दादांचे पेनसिल्व्हेनिया त्यांतलेच एक. त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या पगारचिठ्ठ्यांवर ती ओळ छापलेली असेल. पुढची मुदतवाढ केंद्राच्या पैशातून झाली हे खरे, पण सुरुवातीच्या महिन्यांचा भत्ता हा यजमानांनी आधी भरलेल्या विम्याचा परतावा होता.

आणखी एक गोष्ट, जी दोघांपैकी कोणीच नॅपकिनवर लिहिली नाही. तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज २००७ च्या जुलैत, असे अर्ज स्वीकारण्याची दारे अचानक उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली त्या गोंधळात दाखल झाला होता. म्हणून २००९ मध्ये नोकरी गेल्यावरही तो मेला नाही. असा अर्ज १८० दिवसांहून जुना असेल, तर तशाच कामाची दुसरी नोकरी धरून तो पुढे चालू ठेवता येतो, ही तरतूद ऑक्टोबर २००० च्या कायद्यात आहे. सही क्लिंटन यांची, दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांची आणि सिनेटमधले मतदान ९६ विरुद्ध १. तुमचा आजचा संसार ज्या एका कागदावर उभा आहे, तो दोघांच्या पक्षांनी मिळून लिहिलेला आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पंच होण्याचे नाकारा. बरोबर आकड्यांचा तक्ता दोघांपुढे ठेवलात तर एक जण हरेल आणि त्याला त्याच्या बायकोने किंवा बहिणीने हरवलेले असेल. त्याऐवजी दादांना फोन करा. त्या फोनवर ओबामा, ट्रम्प, कर्ज यांतला एकही शब्द काढू नका. तुम्ही बहीण आहात, म्हणून सांगू शकता: "दादा, ते आठ महिने मीही त्याच घरात होते. तुझे ते वाक्य मलाही लागले." इतकेच बोलून त्यांना बोलू द्या. यजमानांशी वेगळे बोला, आणि करसवलतीबद्दलचे वाक्य दादांच्या वीस वर्षांच्या मेहनतीवर कसे पडले असेल हे त्यांना विचारा. सांगू नका, विचारा. राजकीय मते कोणी मागे घ्यायची नाहीत. दोन वाक्ये मागे घेतली तरी पुरे.

टेबलावर राजकारण बंद, असा हुकूम काढू नका. माझ्या पाहण्यात तो टर्की कापेपर्यंतही टिकत नाही. विषय निघालाच, तर पट्टी आधी ठरवा आणि नाव नंतर घ्या, एवढा आग्रह धरा. "कर्जाने मोजायचे का? पटीने की रकमेने? पहिले वर्ष कोणाचे धरायचे?" हे नॅपकिनवर आधी लिहून घ्या. निम्मा वेळ त्यातच जाईल, आणि त्या अर्ध्या तासात दोघे इंजिनिअर एकाच बाजूला बसलेले तुम्हाला दिसतील. ज्या घरांत मेहुण्यांऐवजी बाप-लेक किंवा दोन जावा भांडतात, त्यांनीही हे करून पाहायला हरकत नाही.

त्याहून चांगला उपाय तुमच्या आईंकडे आहे. त्यांना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याबद्दल विचारा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो नसता तर वर्षाला १०० व्हिसांच्या भारतीय कोट्यात दादा, यजमान आणि तुम्ही, तिघेही बसला नसता. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कायदाही त्यांनी त्याच वर्षी केला. व्हिएतनाममध्ये पाच लाख सैनिक पाठवणारेही तेच. आणि भारताला धान्य देताना गव्हाची जहाजे हात आखडून, एकेक करून सोडणारेही तेच. रेशनच्या रांगेतला तो अमेरिकन गहू आणि मिलो ही लाल ज्वारी आईंना आठवत असेल. जॉन्सन यांच्या प्रगतिपुस्तकावर किती गुण द्यायचे, ते दोघांना ठरवू द्या. निक्सन यांचा विषय निघाला तर मात्र जरा सांभाळा. पर्यावरण संरक्षण संस्था त्यांनी स्थापन केली हे तुम्ही सांगायच्या आत आई १९७१ च्या युद्धात त्यांनी पाठवलेले सातवे आरमार काढतील आणि तेव्हाचा ब्लॅकआउट सुरू होईल.

जाता जाता तुम्हाला एक प्रश्न. तीन पानांत दादांचे मत आहे, यजमानांचे आहे, मुलीचेही एका ओळीत आहे. तुमचे कुठेच नाही. सहा वर्षे एच-फोरवर, म्हणजे नोकरीची परवानगी नसलेल्या आश्रितांच्या व्हिसावर, पदवी असूनही घरात काढलेल्या बाईला अध्यक्षांच्या कारभाराबद्दल काही म्हणायचे नसेल, हे मला पटत नाही. पंचाची खुर्ची सोडलीत तर तेही बोलता येईल.

आईंना आधी सांगावे का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सांगू नका, दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरे एकत्र दिसायची बंद झाली, त्यावरून त्यांना कळलेले असणारच. नेवार्क विमानतळावर त्यांना आणायला मात्र दादा आणि यजमान दोघांनाही पाठवा. व्हीलचेअर, दोन मोठ्या बॅगा आणि हातातली लोणच्याच्या बरण्यांची पिशवी, एवढे एकट्याला आवरत नाही, आणि पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली होती यावरून त्यांना आपापसात बोलावेच लागेल.